96 तासांनंतरचा मासा

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
कल्पतरू पॉइंट, शीव, मुंबई.



तारापूर एमआयडीसीला खेटून असलेल्या गावांची नावं आपल्या फायलींमध्ये वारंवार येतात: कुंभवली, कोलवडे, पाम, सालवड, सरावली. मी कुंभवलीत राहतो. बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. रात्री सुटणाऱ्या वासाबद्दल, पावसाळ्यात चेंबरमधून रस्त्यावर येणाऱ्या रंगीत पाण्याबद्दल, मेलेल्या माशांबद्दल आपल्याकडे आमच्या भागातून ढीगभर अर्ज आलेले आहेत. त्यात भर घालण्यासाठी मी लिहीत नाही. आपल्या संमतीपत्रात, ज्याला इथे सगळे कन्सेंट म्हणतात, एक ओळ असते. त्या ओळीबद्दल मला बोलायचं आहे.

ती ओळ जैव-चाचणीची. शंभर टक्के सांडपाण्यात, म्हणजे काहीही न मिसळलेल्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात, 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत ती आहे आणि बल्क ड्रग कारखान्यांच्या मानकांतही आहे. टाकीत दहा मासे सोडायचे, दर 24 तासांनी पाहायचं, हलत नसेल तर काडीने स्पर्श करून बघायचं, चौथ्या दिवशी मोजायचं. नऊ जिवंत असतील तर पाणी उत्तीर्ण. निदान ही अट आहे, याचा मला आनंदच आहे. पीएच, सीओडी, बीओडी हे आकडे पाण्यात काय किती आहे ते सांगतात. हा मासा मात्र पाण्यात जगून दाखवतो. रासायनिक आकड्यांच्या जंगलात एका जिवंत प्राण्याला साक्षीला बोलवावं, ही कल्पनाच मोलाची आहे.

पण त्या साक्षीदाराला आपण एकच प्रश्न विचारतो, की तू मेलास का. त्याची वाढ खुंटली का, त्याच्या नराच्या रक्तात मादीचं प्रथिन आलं का, त्याच्या अंड्यातून पिल्लू नीट बाहेर आलं का, यातलं काहीही 96 तासांत फक्त जिवंत मासे मोजून दिसत नाही. औषधं, रंग, कीटकनाशकं आणि त्यांची मधली द्रव्यं जिथे पन्नास वर्षं बनत आहेत, तिथे नेमके हेच प्रश्न विचारायला हवेत.

संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, शरीरात अत्यंत कमी प्रमाणात काम करतात. एक लिटर रक्तात काही नॅनोग्रॅम एवढ्याने पेशीला हुकूम मिळतो. संप्रेरकासारखं दिसणारं किंवा त्याची जागा अडवणारं बाहेरचं रसायनही तेवढ्याच अल्प प्रमाणात गोंधळ घालू शकतं. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या 260 क्रमांकाच्या तळ्यात कॅरन किड आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला 5 ते 6 नॅनोग्रॅम. एकही मासा तडफडून मेला नाही. नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसू लागल्या, पुढची पिढी आलीच नाही, आणि तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशांची संख्या कोसळून तळ्यातून ते जवळपास नाहीसे झाले. हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. आता आपल्या मानकाकडे बघा. सीओडीची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. ते तळं ज्या 5 नॅनोग्रॅमने रिकामं झालं, त्याच्या ही मर्यादा 5 कोटी पट आहे. सीओडीच्या यंत्राला ते इस्ट्रोजेन कधी दिसलंच नसतं. आणि 96 तासांच्या चाचणीत ते तळं उत्तीर्ण झालं असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रौढ शरीरात संप्रेरकाची गडबड बऱ्याचदा थांबते, सावरते. वाढत्या गर्भात ती कायमची कोरली जाते. मुलग्याच्या गर्भात साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात जे टेस्टोस्टेरॉन तयार होतं, त्यावर जननेंद्रियांची पुढची घडण ठरते. बाळाचा मेंदू पहिले तीन महिने जवळजवळ पूर्णपणे आईच्या थायरॉइडवर वाढतो, कारण त्याची स्वतःची ग्रंथी तेव्हा पुरेसं काम करत नसते. म्हणजे आमच्या गावची बाई आशाताईकडे नाव नोंदवायला जाते, तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं. बोअरच्या पाण्यातून, खाडीच्या माशातून, हवेतून जे काही आलं, ते त्या आठवड्यांत आलं की नाही हा खरा प्रश्न असतो. वर्षाची सरासरी काढून त्याचं उत्तर मिळत नाही.

एका शंखाची हकीकत इथे सांगायलाच हवी, कारण ती कोकणातली आहे. जहाजांच्या तळाला शिंपले-कालवं चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिल टिन असलेला रंग लावायचे. फ्रान्सच्या आर्काशोंच्या उपसागरात सत्तरच्या दशकात कालवांची पैदास बंद पडली, कवचं वेडीवाकडी जाड होऊ लागली, आणि फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या शंखांच्या माद्यांना नराचं लिंग फुटत असल्याचं दिसलं. अंडी बाहेर पडायची वाट बुजली आणि काही ठिकाणचे शंख संपले. लिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपासचं प्रमाण यासाठी पुरेसं होतं. या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात. भारतातली तिची पहिली नोंद 1999 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मुरगाव बंदरात केली. त्या शंखाचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. आपल्या किनाऱ्याचं नाव ज्याला दिलं, त्याच जीवाने आपल्याला ही गोष्ट दाखवली. पुढे आंतरराष्ट्रीय करार झाला, 2008 पासून जगभर हे रंग बंद झाले, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर शंख परतले.

हे तपासायला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. खडकावरचे शंख गोळा करायचे, पकडीत धरून कवच फोडायचं, मऊ अंग बाहेर काढायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली उजव्या शिंगाच्या मागे पाहायचं. मादीत तिथे काही नसायला हवं. छोटासा फुगवटा असला तर त्याची लांबी मोजायची. बारावीच्या प्रात्यक्षिकात हे बसू शकेल. तारापूर वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. आजूबाजूच्या खडकांवरचे शंख या पद्धतीने नियमित तपासावेत, असं एकाही कन्सेंटमध्ये लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

आता औषध कारखान्यांकडे येतो. बोईसरमध्ये हा विषय निघाला की दोन वाक्यं लगेच ऐकू येतात. एक, समुद्र एवढा मोठा आहे, त्यात मिसळून सगळं पातळ होतं. दोन, आमचं पाणी मानकात बसतं.

पातळ होण्याबद्दल हैदराबादजवळच्या पटनचेरूचा अनुभव आहे. तिथेही शंभरेक औषध कारखान्यांचं पाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात येतं, आपल्या सीईटीपीसारखंच. स्वीडनचे योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत मोजलं. ते पाणी 500 पट पातळ करून, म्हणजे केवळ 0.2 टक्के ठेवून, त्यांनी बेडकाचे डिंभ वाढवले. डिंभांची वाढ सुमारे 40 टक्क्यांनी घटली. तेवढ्याच पातळ पाण्यात ठेवलेल्या माशांच्या यकृतातल्या जनुकांचं काम बदललं. प्रक्रिया झालेलं आणि 500 पट पातळ केलेलं पाणी होतं ते.

मानकांबद्दल फ्रान्सचं उदाहरण घ्या. डोर नावाच्या लहान नदीकाठी व्हेर्तोलाय इथे स्टेरॉइड बनवणारा औषध कारखाना आहे. त्याच्या खालच्या बाजूचे गजन मासे संशोधकांनी तपासले आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी 60 टक्के मासे नर-मादी मिश्र निघाले. कारखान्याच्या वरच्या बाजूला हे प्रमाण अगदी कमी होतं. युरोपातला कारखाना, युरोपातले नियम. तिथेही नियमाने जे विचारलं नव्हतं, ते माशाने सांगितलं.

आपल्या खाडीतला जिताडा मला या संदर्भात सारखा आठवतो. जिताडा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. बाजारात जो आठ-दहा किलोचा जिताडा बघून लोक थांबतात, तो बहुधा मादीच असतो आणि कधीकाळी नर होता. ही सगळी उलथापालथ त्याच्या शरीरात संप्रेरकं घडवतात. पिल्लं वाढतात ती खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, म्हणजे नाले जिथे येऊन मिळतात तिथेच. लहान वयाच्या नराला इस्ट्रोजेनसारखं काही मिळालं तर काय होईल, हे विचारायला त्याच्याइतका योग्य मासा शोधून सापडणार नाही. मुरबे, नवापूर, दांडीचे मच्छीमार सांगतात की पूर्वी खाडीत मिळायची ती मासळी आता मिळत नाही. मासे मरून कमी झाले, पळून गेले, जास्त पकडले गेले, की त्यांची पैदासच घटली, हे त्यांच्या जाळ्यावरून कळणार नाही. ते शोधण्याचं काम मंडळाचं आहे.

मच्छीमारांनी त्यांच्या बाजूने जे करायचं ते केलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने समिती नेमली, शंभरावर कारखाने आणि सामाईक प्रक्रिया केंद्र यांच्याकडून शंभर कोटींहून जास्त भरपाईचा हिशेब झाला, जानेवारी 2022 मध्ये आदेश आला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याआधी केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरला 93.69 गुण मिळून ते देशात पहिलं आलं होतं. 2009 मध्ये ते 72.01 वर होतं. एवढं सगळं होऊनही आमच्याकडे जेव्हीएसचा, म्हणजे संयुक्त तपासणीचा, नमुना घेताना अजून तेच दिसतं: पीएचची पट्टी बुडवायची, प्लास्टिकचा कॅन भरायचा, सील लावायचं, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. अधिकारी मन लावून काम करतात, उन्हात उभे राहतात, हे मी पाहिलेलं आहे. त्यांना जे मोजायला सांगितलं आहे तेच ते मोजतात.

माणसांचं काय, असं आपण विचाराल. कुंभवलीतलं अमुक मूल अमुक कारखान्यामुळे आजारी पडलं, असा आरोप मी करत नाही. ज्याचा अभ्यास झाला नाही त्यावर आरोप करणं शिक्षकाला शोभत नाही. पण अभ्यास कसा करतात हे आपल्याच देशात एकदा दिसलं आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ विमानातून एंडोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने पाद्रे गावातले 117 मुलगे आणि फवारणी न झालेल्या गावातले 90 मुलगे तपासले, वय 10 ते 19. डॉक्टरांनी वयात येण्याच्या खुणा नोंदवल्या, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि एंडोसल्फान मोजलं. पाद्रे गावच्या मुलांमध्ये वयात येणं लांबलेलं दिसलं. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. दोन गावं, दोनशे मुलं, थोडं रक्त आणि सरकारी संस्था. यातलं पालघर जिल्ह्याला न झेपणारं काय आहे?

कामगारांचंही सांगतो. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कीटकनाशक कारखान्यात 1977 मध्ये कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून निघालं की त्यांच्यापैकी अनेकांना मूल होत नाही. तपासणीत शुक्राणू फार कमी किंवा शून्य आले. कारण डीबीसीपी हे रसायन. त्याने उंदरांची वृषणं आकसतात हे 1961 मध्येच छापून आलं होतं. तारापूरच्या शेडमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली विशी-पंचविशीतली मुलं ठेकेदाराकडे काम करतात, दोन-चार वर्षांनी गावी परततात, लग्न करतात. मूल झालं नाही तर दोष बायकोकडे जातो, आणि ते घर इथून दीड हजार किलोमीटरवर असतं. हा भाग आपल्या मंडळापेक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येतो हे मला माहीत आहे. पण द्रव्यांची यादी आपल्याकडे असते, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचवता येते.

दिल्लीकडे बोट दाखवलं जाईल, म्हणून कायद्याचं बोलतो. बल्क ड्रग कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती चालतील याच्या मर्यादा केंद्राने जानेवारी 2020 च्या मसुद्यात घातल्या होत्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळल्या. तेव्हा दिल्लीची वाट पाहण्यात अर्थ नाही. जल कायदा 1974 च्या कलम 17 प्रमाणे सांडपाण्याची मानकं ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार राज्य मंडळाला आहे, आणि कन्सेंटमध्ये अटी घालण्याचाही. शिवाय आपलं मंडळ केंद्राच्या कायद्याच्या आधीचं आहे. महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि 7 सप्टेंबर 1970 ला मंडळ उभं केलं. ज्या राज्याने देशाच्या आधी पाऊल टाकलं, त्याने या बाबतीतही टाकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चाचण्या तयार आहेत, शोधायच्या नाहीत. जर्मनीत सांडपाण्यासाठी प्रौढ माशाऐवजी झेब्राफिशच्या अंड्यांची चाचणी 2005 पासून चालते; अंड्यातला गर्भ पारदर्शक असतो, त्याची घडण डोळ्यांना दिसते. झेब्राफिश मुळात आपल्याच उपखंडातल्या ओढ्यानद्यांतला. अमेरिकेत सांडपाण्याच्या परवान्यांत सात दिवसांची चाचणी असते, तिच्यात पिल्लांचं जगणं आणि वजन दोन्ही बघतात. पाण्याचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम मोजायला यीस्टची चाचणी आहे. यीस्टमध्ये माणसाचा इस्ट्रोजेन ग्राहक बसवलेला असतो, आणि पाण्यात तसं काही असलं की पिवळा द्राव लाल होतो. तिचं आंतरराष्ट्रीय मानक 2018 मध्ये आलं. नर माशाच्या रक्तात व्हायटेलोजेनिन, म्हणजे अंड्याच्या बलकाचं प्रथिन, सापडतं का हे पाहण्याची 21 दिवसांची पद्धत आहे. थायरॉइडसाठी डिंभाचं बेडकात रूपांतर वेळेवर होतं का हे पाहणारी आहे. शेकडो रसायनांपैकी नेमकं कोणतं दोषी, हे आधी कळायची गरज नाही. कारखाना नावं गुप्त ठेवू शकतो, पण यीस्टचा रंग लपत नाही.

माणसं आणि प्रयोगशाळाही दूर नाहीत. संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांवर परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत अनेक वर्षं काम झालं आहे. बिस्फेनॉल-ए वरचं डॉ. गीता वनगे यांचं संशोधन तिथलंच. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, समुद्रविज्ञान संस्थेचं मुंबईचं केंद्र आहे. बोईसरहून सकाळची गाडी पकडली तर नमुना बर्फात ठेवून दुपारच्या आत यांपैकी कुठेही पोचतो. खर्चाचा मुद्दा निघाला तर भरपाईची जी रक्कम वसूल होईल, तिच्यातून पहिलं काम हेच व्हावं.

म्हणून माझी विनंती अशी, की तारापूरच्या सामाईक प्रक्रिया केंद्राच्या आणि औषध, कीटकनाशक व रंग कारखान्यांच्या कन्सेंटमध्ये 96 तासांच्या चाचणीला जोडून माशाच्या अंड्यांची आणि यीस्टची चाचणी घालावी, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. कुंभवली, कोलवडे, पाम इथल्या विहिरी आणि बोअरवेलचे नमुने याच चाचण्यांतून जावेत, पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना मंडळाने पत्र लिहावं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतातच. त्याच भेटीत, पालकांच्या संमतीने आणि नावं गुप्त ठेवून, वृषणं न उतरणं, मूत्रमार्गाचं छिद्र जागेवर नसणं, वयात येण्याचं वय आणि नवजात बाळाचं टीएसएच यांची नोंद सुरू व्हावी. तुलनेसाठी वसाहतीपासून लांबचं, पण तशाच राहणीचं गाव घ्यावं. गर्भपातांची नोंद वेगळी ठेवावी. बायका हे एकमेकींशी बोलतात, रजिस्टरमध्ये ते येत नाही.

निकाल स्वच्छ आले तर मला आनंदच होईल, आणि ते गावागावांत सांगायला मी स्वतः जाईन. लोकांच्या मनात जी भीती बसली आहे ती आकड्यांवाचून जाणार नाही, आणि लग्नाच्या बोलण्यात आमच्या गावाचं नाव काढल्यावर समोरचे गप्प होतात तेही थांबणार नाही.

शंखांचं काम मात्र कन्सेंट बदलायची वाट न पाहता सुरू करता येईल. अमावास्या-पौर्णिमेला सकाळी सहाच्या सुमारास चांगली ओहोटी असते, खडक उघडे पडतात. आपल्या तारापूर कार्यालयातले एक-दोन अधिकारी आणि मत्स्यशिक्षण संस्थेतलं कोणी एक जण आलं तर नवापूरपासून नांदगावपर्यंतच्या जागा दाखवायला मी येईन. माझे जुने विद्यार्थी त्या गावांत आहेत, ते शंख ओळखतात. आधी दोन दिवस कळवलं तरी पुरे.

आपला,
कुंभवलीतील एक निवृत्त शिक्षक